वाडीसमोरचा फळा

मित्रांनो, माझ्या अंगावर हात फिरवलात तर तुमच्या बोटांना अजूनही थोडा खडू लागेल. मी शाळेतला एक जुना फळा आहे. पण गेली अकरा वर्षं मी शाळेत नाही. वर्ध्याजवळच्या आंजी मोठी या गावाहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्याला ‘पळसबन’ नावाचं एक पर्यटन केंद्र आहे. त्याच्या फाटकाशी, चार पत्र्यांच्या आडोशाला, मी उभा आहे. माझ्यावर काय लिहिलं गेलं आणि काय लिहायचं राहून गेलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. ही गोष्ट फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म हिंगणघाटचा. बंडूजी नावाच्या सुतारांनी सागाच्या पाच फळ्या रंधून, खाचेत खाच बसवून मला जोडलं. दर्शनी बाजूला त्यांनी एकही खिळा येऊ दिला नाही. ‘मास्तरचा खडू खिळ्यावर अडला तं पोरं हसतीन,’ असं ते म्हणत. मग बैलगाडीतून मी वडनेरकडच्या एका शाळेत गेलो. तिथे मी वीस-बावीस वर्षं काढली. दर उन्हाळ्याच्या शेवटी मोठ्या वर्गातली मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि दोडक्याच्या पाल्याचा रस कालवून मला नवा रंग देत. त्या दिवशी शाळेत माझ्याइतकं देखणं कोणी नसे. रोज सकाळी माझ्या कोपऱ्यात तारीख आणि हजर मुलांची संख्या लिहिली जायची. कालची तारीख आज चालत नसे. हा नियम मी तिथे शिकलो आणि मला वाटलं की सगळीकडे असंच असतं.

पुढे शाळेत पांढरा गुळगुळीत फळा आला. मला मागच्या व्हरांड्यात ठेवलं. काही दिवस मी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडलो होतो. मग भंगाराच्या गाडीत चढलो आणि वर्ध्याच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडलो.

तिथे मला वर्षालीने पाहिलं.

वर्षाली आणि तिचा नवरा अंकुश फाटकासाठी लोखंडी पट्ट्या शोधायला आले होते. वर्षाली डीएड झालेली. सहा वर्षं तिने शिक्षिकेच्या नोकरीची वाट पाहिली होती. भरती निघाली नाही. मला पाहून ती वाकली, पदराने धूळ पुसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. अंकुशने विचारलं, हा कशाला? तिने सांगितलं की लिहायला लागेल. त्याने पुढे काही विचारलं नाही. बायकोची नोकरी राहून गेली याचं त्याला वाईट वाटत असे, हे मला नंतर कळलं.

अंकुश नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात आठ वर्षं काम करून गावी परतला होता. वडिलांच्या शेतात त्याने मातीच्या भिंतींच्या चार खोल्या बांधल्या, एक स्वयंपाकघर काढलं. जंगल पाहायला येणाऱ्या लोकांनी इथे उतरावं, गोळाभात आणि वांग्याचं भरीत खावं, पाखरं पाहावीत, शेत पाहावं, एवढीच त्याची कल्पना. ज्या हॉटेलात तो होता तिथे दर्शनी भिंतीवर झाडं लावल्याच्या गोष्टी सोनेरी अक्षरांत लिहिलेल्या होत्या. ती झाडं मात्र त्याला आठ वर्षांत कुठे दिसली नव्हती. ‘आपन जे करू तेच लिवू,’ तो वर्षालीला म्हणाला.

म्हणून मी फाटकाशी उभा राहिलो. तोंड रस्त्याकडे. रस्त्यापलीकडे, अगदी माझ्यासमोर, शकुबाई आणि तिचे यजमान अण्णाजी यांची भाजीची वाडी होती. मित्रांनो, त्या वाडीचा हिरवा रंग मी अजून विसरलो नाही. वांगी, चवळी, भेंडी, पालक, आणि वाफ्याच्या कडेने सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मध्ये दगडी बांधणीची विहीर. अण्णाजी गुडघ्यांनी अधू झालेले, ते बसून खुरपायचे. शकुबाई उभ्याने सगळं करायची.

दर सोमवारी सकाळी वर्षाली मला ओल्या फडक्याने पुसायची आणि नव्याने लिहायची. तिचं अक्षर गोल आणि सरळ रेषेत होतं. स्वयंपाकात या आठवड्यात कुठली भाजी आहे आणि ती कोणी पिकवली. स्वयंपाकघरात गावातल्या कोण कोण कामाला आहेत. पळसबनच्या विहिरीला पाणी किती हात आहे आणि म्हणून आंघोळीला किती बादल्या वापराव्यात. आणि सगळ्यात खाली, ‘या आठवड्यात काय जमलं नाही’. तिथे ती लिहायची, प्लास्टिकच्या बाटल्या अजून बंद करता आल्या नाहीत. किंवा, रविवारी पाहुण्यांच्या गाण्याचा आवाज फार झाला, शेजाऱ्यांना त्रास झाला, आम्ही माफी मागितली.

लोक थांबून वाचत. कोणी हसत. पण बहुतेक जण ती शेवटची ओळ वाचून मग वरचं पुन्हा वाचत. एकदा एक पाहुणा बायकोला म्हणाला की ज्यांनी हे लिहिलंय त्यांचं वरचंही खरं असणार. त्या दिवशी मला शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली होती तसं वाटलं.

शकुबाईला वाचता येत नव्हतं. पहिल्या सोमवारी ती भाजीची पाटी घेऊन आली तेव्हा वर्षालीने तिला थांबवून सगळं वाचून दाखवलं. आपलं नाव कुठे आहे ते शकुबाईने विचारलं. वर्षालीने तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तेव्हापासून दर सोमवारी हा नेम झाला. शकुबाई भाजी उतरवायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि वर्षाली वाचायची. एकदा ‘चवळी’ ऐकून शकुबाई म्हणाली की चवळी संपली, खोडून टाक, पाहुणे मागतील आणि माझी पंचाईत होईल. वर्षालीने लगेच ती पुसली.

अशी सहा वर्षं गेली. अमरावतीच्या ज्योत्स्ना नावाच्या एक बाई त्याच दिवसांत पहिल्यांदा येऊन गेल्या. कॉलेजात भूगोल शिकवायच्या. त्या शकुबाईच्या वाडीत जाऊन दोन तास बसल्या, आणि शकुबाईने त्यांना निघताना ओला सांबार पदरात घालून दिला. त्यांचं नाव लक्षात ठेवा, त्या पुन्हा येणार आहेत.

मग दोन वर्षं सगळ्या जगाला घरात बसवणारा आजार आला. खोल्या रिकाम्या राहिल्या. वर्षाली तरी सोमवारी लिहायची, वाचणारं कोणी नसताना. सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा रस्त्याला आणखी तीन ठिकाणं उघडली होती. त्यांच्याकडे पोहण्याचे तलाव होते आणि फाटकावर मोठमोठे रंगीत फ्लेक्स होते. अंकुश घाबरला. त्याने नागपूरहून पीयूष नावाच्या, जाहिरातीचं काम करणाऱ्या मुलाला बोलावलं.

पीयूष वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्याने मला नीट वाचलं, फोटोही काढला. पण तो अंकुशला म्हणाला, “दादा, कामं तुमची एक नंबर आहेत, पण हे खडूनं लिहिलेलं गाडीतून दिसत नाही. आणि काय जमलं नाही, हे कोण सांगतं?” त्याने वर्षालीला सगळं विचारून घेतलं. तिने आनंदाने सांगितलं. शकुबाई समोर विहिरीवर काम करत होती, तिचा फोटो लांबून काढला गेला. तिला कोणी विचारलं नाही. आपल्याच घरचं माणूस, तिला काय विचारायचं, असं सगळ्यांना वाटलं असावं.

आठवड्याने फ्लेक्स आला. तो लावायला लाकडी चौकट हवी होती. चौकट तयारच होती. ती मी होतो. चारी कडांना खिळे ठोकून तो फ्लेक्स माझ्यावर ताणला. बंडूजींनी टाळलेले खिळे मला त्या दिवशी बसले. अंकुशने मागे उभं राहून पाहिलं आणि तो खूश झाला. वर्षालीनेही पाहिलं. सोमवार आला तेव्हा ती सवयीने ओलं फडकं घेऊन फाटकाशी आली, थोडी थांबली आणि परत गेली.

मला पुढचं दिसेनासं झालं. फक्त ऐकू येत होतं. माझ्या छातीवर काय लिहिलंय तेही मला ठाऊक नव्हतं, कारण लोक मनातल्या मनात वाचत आणि फोटो काढून निघून जात.

पहिल्या वर्षी काही बिघडलं नाही. शकुबाईच्या चपलांचा आवाज रोज सकाळी यायचा. दुसऱ्या वर्षी माझ्या मागे, केंद्राच्या आवारात, खोदायचं यंत्र आलं. तलाव झाला. तो भरायला बोअर मारली. तीन दिवस जमीन थरथरत होती. मुलांच्या पोहण्याचे, ओरडण्याचे आवाज येऊ लागले. गाड्या वाढल्या. आणि त्या उन्हाळ्यात, होळीच्याही आधी, शकुबाई अंकुशला भेटायला फाटकाशी आली.

तिची विहीर दर वर्षी मे महिन्यापर्यंत पुरायची. यंदा फेब्रुवारीतच तळ दिसला होता. हे तिने शांतपणे सांगितलं. अंकुशने सांगितलं की पाऊसच कमी झाला, सगळीकडे तेच आहे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. विहीर खोल करून देतो असं त्याने कबूल केलं, आणि मला खात्री आहे की बोलताना त्याच्या मनात खोट नव्हती. मग हंगाम आला, खोल्या भरल्या, नंतर पाऊस आला, विहिरीत थोडं पाणी दिसलं आणि ते काम मागे पडलं. पुढच्या वर्षी जानेवारीतच विहीर आटली. शकुबाई पुन्हा आली. अंकुश बाहेर होता. वर्षालीने सांगितलं, आले की सांगते. तिने सांगितलंही. दोघांचं त्यावरून भांडण झालं ते मी ऐकलं. अंकुशचं म्हणणं होतं की तलाव बंद केला तर पाहुणे शेजारी जातील आणि मग गावातल्या पाच बायकांना काम कुठून द्यायचं? हा प्रश्न खोटा नव्हता, मित्रांनो. म्हणूनच तो इतका सोयीचा होता.

चपलांचा आवाज थांबला. भाजी वर्ध्याच्या बाजारातून गाडीने येऊ लागली. शकुबाई लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. तिच्या वयाला ते काम जड होतं. फाटकाजवळच एसटीचा थांबा आहे. तिथे बसलेल्या बायकांच्या बोलण्यातून मला हे कळायचं.

गेल्या एप्रिलमध्ये ज्योत्स्नाबाई पुन्हा आल्या. या वेळी चार मैत्रिणींना घेऊन. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्यापुढे उभं राहून मैत्रिणींना फोटो दाखवला, हीच ती शकुबाई. मग त्या अंकुशला म्हणाल्या की सामान ठेवून आम्ही आधी वाडीत जाऊन येतो. अंकुशचा आवाज बदलला. ऊन फार आहे म्हणाला. काकूंनाच इकडे बोलावतो म्हणाला. त्याने स्वयंपाकघरातल्या काजलला पलीकडे पाठवलं आणि जाताना तिच्या हातात एक पाटी दिली. पाटीत सकाळीच बाजारातून आलेली वांगी होती, हे मला नंतर थांब्यावरच्या बोलण्यातून कळलं.

शकुबाई आली. पाटी तिच्याच हातात होती. काजलने काय सांगून दिली होती कोण जाणे. ज्योत्स्नाबाई पुढे झाल्या, त्यांनी तिचे हात हातात घेतले, मैत्रिणींनी फोटो काढायला फोन काढले. शकुबाईने पाटीतलं एक वांगं उचलून पाहिलं असावं, कारण ती म्हणाली, “हे वांगे माह्या वाडीतले नाईत.”

शकुबाईच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी चुकलंय ते दुरुस्त करावं, तसं ती बोलली होती. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. इतकी वर्षं ती येता-जाता स्वतःचा फोटो पाहत होती, पण खाली काय लिहिलंय हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तिने वर्षालीला हाक मारली.

“वर्षाली, काय लिवलं हाये वं याच्यावर? मले वाचून दाखव.”

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, मी वाचू का? तेव्हा वर्षाली म्हणाली, “नको. माझंच आहे ते. मीच वाचते.”

आणि ती वाचू लागली. माझ्या छातीवर तीन वर्षं काय लिहिलेलं होतं ते मीही तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. “ही आमची शकुबाई. पळसबनच्या ताटातली प्रत्येक भाजी शकुबाईच्या वाडीतली. तिच्या विहिरीच्या गोड पाण्यावर वाढलेली. तुम्ही इथे राहता तेव्हा शकुबाईचं घर फुलतं. आम्ही पाण्याचा थेंब न थेंब जपतो.”

शेवटचं वाक्य तिने फार हळू वाचलं. शकुबाईने बोटाने फ्लेक्सला स्पर्श केला. त्याचा दाब मला जाणवला.

“पहिले खरं होतं हे,” ती म्हणाली. ती न्यायाने बोलली. ज्या दिवशी मला झाकलं त्या दिवशी त्यातलं अक्षर नि अक्षर खरं होतं. “आता मिटवून टाक.”

“काकू, हे खडूचं नाई,” वर्षाली म्हणाली. “छापील हाये. मिटत नाई.”

शकुबाईने पाटी खाली ठेवली. ज्योत्स्नाबाईंना एवढंच म्हणाली, “बाई, तुमाले द्याले या खेपेले काई नाई.” आणि रस्ता ओलांडून गेली.

ज्योत्स्नाबाई त्याच दुपारी निघाल्या. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. पण त्यांनी जे पाहिलं ते फोटोसकट लिहून इंटरनेटवर टाकलं. लिहिलेलं सगळं खरं होतं. ते हजारो लोकांनी वाचलं. ठरलेली बुकिंगं रद्द होऊ लागली. मे महिन्यात, जेव्हा चारही खोल्या भरलेल्या असायच्या, तेव्हा आवारात मला फक्त वाळलेल्या पानांचा आवाज येत होता. अंकुशने स्वयंपाकघरातल्या पाच जणींपैकी चौघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काजल रडत गेली. धुरपता रडली नाही. धुरपता तिथे पहिल्या दिवसापासून भाकरी भाजत होती. ती थांब्यावर बसून राहिली आणि शकुबाई निंदून परत येताना दिसली तेव्हा उठून उभी राहिली.

“तुह्या एका बोलन्यानं आमा चौघींचं काम गेलं. गप राह्यली असती तं काय झालं असतं?”

शकुबाई तशीच घराकडे चालू लागली. त्यानंतर गावात तिला निंदायला बोलावणंही कमी झालं. तलाव कोणी बांधला, बोअर कोणी मारली, फ्लेक्सवर कोणी लिहिलं, हे सगळं बाजूला राहिलं आणि दोष जिने वांगं ओळखलं तिच्यावर आला. तळेगावला, श्यामजीपंतच्या तळेगावला, तिची मुलगी दिली होती. तिने आई-वडिलांना कायमचं बोलावून घेतलं. अण्णाजी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले.

ते जाणार हे वर्षालीला काजलकडून कळलं. दुसऱ्या दिवशी पहाट संपता संपता ती विळा घेऊन आली. तिने फ्लेक्स चारी कडांनी कापला. तो खाली पडला तेव्हा माझ्या डोळ्यांवर तीन वर्षांनी उजेड आला. मला वाटलं होतं समोर हिरवं दिसेल. समोर तपकिरी जमीन होती. वाफ्यांच्या कडा ढासळल्या होत्या. विहिरीवर बाभळीचे काटे टाकून ठेवले होते, कोणाची शेळी पडू नये म्हणून. मी शाळेत दुष्काळाचे धडे कितीदा अंगावर वागवले असतील. पण ते धडे होते, तास संपला की पुसले जायचे.

वर्षालीने मला धुतलं. माझा रंग पोपडे धरून निघाला होता, काही ठिकाणी खडू उमटेना. तिने तसंच लिहिलं, ठळक, एकाखाली एक. अंकुश मागून आला. त्याने वाचलं. माझ्यावरून एक हात फिरवला असता तर सगळं पुसलं गेलं असतं. त्याचा हात वरही गेला होता. मग तो वर्षालीला म्हणाला की यातलं बोअरबद्दलचं वाक्य नीट लिही, ‘आमच्यामुळे’ असं लिही, नुसतं ‘आटलं’ नको. आणि तो आत गेला. थोड्या वेळाने तलावाचा पंप थांबल्याचा आवाज आला.

आठच्या सुमारास शकुबाई आणि अण्णाजी थांब्यावर आले. दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. शकुबाईने माझ्याकडे पाहिलं. फोटो नाही, अक्षरं बदललीत, एवढं तिला कळलं. वर्षाली तिच्याजवळ गेली आणि न विचारताच तिने वाचून दाखवलं.

“शकुबाई आणि अण्णाजी यांच्या विहिरीचं पाणी आमच्या बोअरमुळे आटलं. जानेवारीपासून इथली भाजी बाजारातून येत होती, तरी पाहुण्यांना आम्ही ती शकुबाईंची म्हणून सांगत होतो. शकुबाईंचा फोटो आम्ही त्यांना न विचारता लावला. त्यांनी दोनदा सांगूनही विहिरीचं काम आम्ही केलं नाही.”

शकुबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

“आयकलं का, तुमचं बी नाव लिवलं हाये.”

अण्णाजींना आता कमी ऐकू येत होतं. त्यांनी विचारलं, गाडी दिसून राह्यली का? शकुबाईने नाई म्हणून मान हलवली. वर्षालीला रडू येत होतं, पण शकुबाईने तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही केलं नाही. एसटी आली तेव्हा पेटी चढवताना तिला काहीतरी आठवलं. “मांजर गाठोड्यात राहीना,” ती म्हणाली. “घरीच सोडली. तिले रोज भाकर टाकत जाजो.” वर्षालीने हो म्हटलं. गाडी धूळ उडवत गेली.

मित्रांनो, त्यानंतर पळसबन बंद पडलं नाही. फार चाललंही नाही. दोनच खोल्या उघड्या आहेत. तलाव कोरडा आहे, त्याच्या तळाला भेगा पडल्या आहेत. धुरपता परत कामाला आली. काजल आली नाही, ती हिंगणघाटला गेली म्हणतात. वर्षाली दर सोमवारी लिहिते. ‘भाजी वर्ध्याच्या बाजारातली’ असं लिहिते. कधी कधी एखादी गाडी थांबते, लोक वाचतात आणि पुढच्या ठिकाणी निघून जातात. तिथे तलाव आहे आणि फ्लेक्सवर हसणारी माणसं आहेत. ती माणसं कोण आहेत, त्यांना काही विचारलं होतं का, मला माहीत नाही. माझ्या उजवीकडच्या एका फळीला वाळवी लागली आहे. फार दिवस मी टिकेन असं वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी पाहुण्यांना आपलं गाव दाखवील, जंगल दाखवील, आपल्या हातचं जेवू घालील. मग आपण गावासाठी काय करतो, पाण्यासाठी काय करतो, हे तुम्हाला सांगावंसं वाटेल. जरूर सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्याच्याबद्दल लिहाल त्याला ते आधी वाचून दाखवा. त्याने खोड म्हटलं तर खोडा. जे जमलं नाही तेही लिहा. आणि लिहून निघून जाऊ नका. भाजीला पाणी द्यावं लागतं तसं लिहिलेल्या शब्दाकडेही दर आठवड्याला पाहावं लागतं, नाहीतर तो कधी वाळला ते कळत नाही. माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल. माझ्यावर ज्यांची नावं लिहाल त्यांची घ्या.

यंदा पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर अंकुश दोरी घेऊन पलीकडे गेला, काटे बाजूला करून वाकला आणि परत येऊन त्याने वर्षालीला काहीतरी सांगितलं. त्या सोमवारी तिने माझ्यावर एवढंच लिहिलं. शकुबाई आणि अण्णाजींच्या विहिरीला बारा हात पाणी आहे. वाडीत कोणी नाही.